नळीवरची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. कुणाच्याही डोक्यावर मी आजवर बसलेले नाही. आमच्या फ्लोरेस बेटावरच्या छोट्या विमानतळावर एक विमान रोज दुपारी विसावतं. त्याच्या नाकापाशी बोटाएवढ्या नळ्या आहेत. त्यातल्या डावीकडच्या नळीची मी टोपी. माझ्या टोकाला हातभर लांब लाल फीत लोंबते, आणि तिच्यावर लिहिलं आहे, ‘उडण्यापूर्वी मला काढा’. सुराबाया शहरातल्या एका शिवणयंत्रावर, दोन तंबू शिवण्याच्या मधल्या वेळात माझा जन्म झाला आणि पहिल्याच दिवशी अंगावर हे वाक्य शिवलं गेलं. मी मनाला लावून घेतलं नाही.

कारण नळीत शिरणाऱ्या वाऱ्यावरून वैमानिकाला वेग कळतो. अठरा टनांचं ते धूड, बेचाळीस माणसं, कधीकधी एखादा कोंबडा, आणि सगळ्यांचा भरवसा एवढ्याशा भोकावर! अकरा वर्षं झाली, मला अजून नवल वाटतं. आमच्याकडच्या एका गांधीलमाशीलाही ते भोक फार आवडतं. कुणाला न विचारता ती आत चिखलाचं घर बांधू लागते. भोक बुजलं की वेगाचा काटा खोटं बोलतो. म्हणून मी.

एर्लीन नवी तंत्रज्ञ. तिची नोकरी कायम करायची की नाही, ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं. ते ठरवणार होते तिचे वरिष्ठ, बापा डेन्सी; आमच्याकडे वडीलधाऱ्याला बापा म्हणतात. त्या दुपारी तिला माझी फीत मळलेली दिसली. मळकी फीत लांबून दिसत नाही, हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. पण बदली टोपी कपाटात आणि किल्ली बापांच्या खिशात. बापा मासे आणि मक्याचा भात जेवून खुर्चीतच झोपले होते. फडक्याएवढ्या कामासाठी वडीलधाऱ्या माणसाला कसं उठवायचं? तिने मला धुतलं आणि दोरीवर बापांच्या लुंगीशेजारी वाळत घातलं. अर्धा तास नळी उघडी राहिली.

दोरीवरून मी ती माशी पाहिली. ती नळीपाशी घिरट्या घालत होती. आत गेली का, ते लुंगी मध्ये आल्याने दिसलं नाही. मला हातभर लाल जीभ आहे, मित्रांनो, पण तिचा काही उपयोग झाला नाही.

माणसं विमानात बसली. त्यात एक नवरदेव होता, लग्नाला कुपांगला निघालेला. एर्लीनने नळीत विजेरी मारली. आतलं वळणापर्यंतच दिसलं. तिने घडलेलं कुणालाही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कारण पाहणारी फक्त मी. तपासणीच्या वहीवर सही करायला काढलेलं पेन तिने खिशात परत ठेवलं आणि ती बापांकडे गेली.

“बापा, डावी नळी अर्धा तास उघडी होती. माझ्यामुळे. विमान सोडू नका.”

बापांनी विचारलं, “माशी दिसली?”

“नाही. पण नव्हती असंही मला म्हणता येणार नाही.”

माणसं उतरवली. नवरदेवाचे मामा म्हणाले, एवढ्या वेळात पोरं होऊन शाळेतसुद्धा गेली असती. एर्लीन मान खाली घालून काम करत राहिली. दोघांनी नळी सोडवली, उलट्या बाजूने हवा सोडली, गळती तपासली. दीड तास गेला. आत काहीच नव्हतं. चिखलाचा कणसुद्धा नाही. वहीत तिने लिहिलं, ‘काहीही आढळले नाही’, आणि आता आपलं सामान आवरायला घ्यावं, असा चेहरा केला.

बापा तिच्याकडे पाहत म्हणाले, “नोना, पोरी, मला झोपेतून उठवायला लाजलीस आणि भरलेलं विमान थांबवायला लाजली नाहीस. दुसरं मी तुला शिकवू शकलो नसतो. मला उठवायचं मात्र उद्यापासून शीक. आठ वाजता ये.”

विमान उडालं. मी बापांच्या हातात होते. विमानाचा ठिपका होईपर्यंत ते बघत राहिले, रोज बघतात.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या विमानाला हात लावेल. हातून चूक झालीच, तर विमान जमिनीवर असतानाच ती सांगा. ते वर गेल्यावर खाली उभं राहणाऱ्याला नुसतं बघता येतं.