झाकण बंद आहे

गफ्फारने फुटक्या स्पीकरच्या पाठीवर छिन्नी ठेवून हातोडी मारली. आजचं दुसरं काळं, गोल चुंबक सुटलं आणि टेबलावरच्या पेचकसाला जाऊन चिकटलं.

“अजून चार-पाच भेटतीन का, चाचा? पलटनीतले पोट्टे मांगून राह्यले.”

पवनने वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवली. गिरजाबाईने, त्याच्या आईने, मळ्यातली पाठवली होती. पवन सैन्यात चिलखती गाडी चालवायचा आणि सुट्टीवर मंगरूळपीरला आला होता. गफ्फारची मुलगी जिकराही त्याच आठवड्यात आली होती. पवनची गाडी ज्या कारखान्यात तयार व्हायची, तिथे ती इंजिनिअर होती.

चहाचे कप घेऊन ती बापाच्या दुरुस्तीच्या दुकानात आली.

“एवढे चुंबक कायले रे तुले?”

“तुमच्याच गाडीचं औषध हाय, दीदी.” पवन हसला. “माह्या डोक्यावरचं झाकण खराब रस्त्यानं थरथरते. मंग गाडीले वाटते, झाकण उघडं हाय. तोफ फिरनंच बंद! अन् साहेबाच्या शिव्या मले. मागच्या सुट्टीत चाचानं एक चुंबक देल्लं. ते सेन्सरवर चिकटवलं. आता गाडी म्हनते, झाकण बंद हाय. तोफ गरागरा फिरते.”

“पोरगी इंजिनिअर, पर इलाज बापाचा,” गफ्फार म्हणाला आणि पुढचा स्पीकर ओढून घेतला.

जिकराने कप खाली ठेवले. पिशवीतलं एक वांगं काढून तिने खिळ्यांच्या डब्यात उभं केलं. त्याचं देठ आणि अर्धं अंग काठाच्या वर आलं. मग तिने पेचकस डब्याच्या काठावर आडवा धरला आणि हळूच फिरवला. वांगं कलंडलं.

“हे तुझं डोकं,” ती म्हणाली. “झाकण उघडून तू बाहेर पाहत असशीन, तवा तोफ फिरू नये. म्हनून तो सेन्सर हाय.”

पवन वांग्याकडे पाहत राहिला.

“गर्मीत झाकण उघडंच राह्यते आमचं.”

गफ्फारने हातोडी खाली ठेवली.

“हे तू मले सांगतलं नाही, पवन.”

“मले तरी कुठं मालूम होतं, चाचा!”

“गेल्याबरोबर काढून टाक,” जिकरा म्हणाली. “बाकीच्याईलेबी सांग.”

“काढतो. अन् समोरून गोळ्या येऊन राह्यल्या, तवा तोफ अडकली तं?”

जिकराला कारखाना आठवला. झाकण मापात आहे, असं यांत्रिक विभाग म्हणे. सेन्सर अचूक आहे, असं इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणत. दोघांचंही खरं होतं. दोन्ही एकमेकांशी जुळवणं हे तिचं काम होतं. मागच्या महिन्यात तक्रार आली, तेव्हा चालकाने झाकण नीट लावलं नसावं, असं बैठकीत ठरलं. बैठक लवकर आटोपली म्हणून सगळ्यांबरोबर तीही खूश होती.

“नीट करतो आमी ते,” ती म्हणाली.

“कवा?”

तिने पेचकस उचलून जागेवर ठेवला.

पवनने चहा संपवला. चुंबक तसंच टेबलावर ठेवून तो उठला. जिकरा त्याला सोडायला दारापर्यंत गेली. मोटरसायकलजवळ त्याने खिशातून किल्ली काढली. किल्लीला एक काळं, गोल चुंबक चिकटून बाहेर आलं.

दोघांनीही ते पाहिलं. जिकराने हात पुढे केला.

पवनने चुंबक ओढून वेगळं केलं आणि दुसऱ्या खिशात टाकलं.

“गाडी नीट झाली का फोन कर, दीदी. त्या दिवशी काढतो.”

तो गेला. जिकरा दुकानात परतली. गफ्फार अजून डब्याकडे पाहत बसला होता.

“अब्बा, आज की ट्रॅव्हल्स में जगह मिलेगी?”

तिची सुट्टी रविवारपर्यंत होती. गफ्फारने कलंडलेलं वांगं दोन्ही हातांनी डब्यातून उचललं आणि फोन शोधायला लागला.