तिसऱ्या मजल्यावरची बादली

“शेपटीकडचा द्या. करपलेला असला तरी चालेल,” त्या बाई म्हणाल्या, आणि काकांनी वळून पाहिलं.

तळलेल्या माशाच्या दुकानासमोर जुनी वस्ती बघायला आलेले अकरा पाहुणे कागदी पुड्या हातात धरून उभे होते. कोणी फुंकर घालत होतं, कोणी बोटं चाटत होतं. पाहुणे नेहमी मधला, जाड तुकडा मागत. शेपटीचा कडक तुकडा मागायची ती गल्लीतल्या पोरांची खोड. शाळा सुटली की पोरं त्या तुकड्यांसाठी इथे हमरीतुमरीवर यायची. आता ना ती शाळा उरली होती, ना ती पोरं.

“आधी आलायत वाटतं इकडे?” काकांनी विचारलं.

“फार पूर्वी,” बाई म्हणाल्या आणि तुकडा कुरकुर चावू लागल्या. पन्नाशीच्या असाव्यात. केस आखूड, निम्मे पांढरे. एकट्याच आल्या होत्या. काकांना आणखी विचारायचं होतं, पण तेवढ्यात एका गृहस्थांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं आणि विषय राहिला.

काकांना सगळे मीटरकाका म्हणत. अडतीस वर्षं ते पाणी खात्यात मीटर वाचायचं काम करत होते, आणि त्यातली सव्वीस याच जुन्या वस्तीत. असा जिना नव्हता जो त्यांच्या पायाखालून गेला नाही. ते निवृत्त झाले, दोन वर्षांत बायको गेली, आणि मग दिवस खायला उठला. त्यांची भाची जुन्या वस्तीतून पाहुण्यांना पायी फिरवायचं, चार ठिकाणी खाऊ घालायचं काम करायची. एक दिवस तिचा वाटाड्या आजारी पडला, म्हणून तिनं मामांना उभं केलं. हातात तारखांचा एक कागद दिला. कुठली वेस कधी बांधली, कुठलं कारंजं कोणी दिलं. पहिल्याच चौकात पाहुणे जांभया देऊ लागले, तेव्हा काकांनी कागद खिशात घातला आणि समोरच्या दाराकडे बोट केलं.

“इथे घड्याळं दुरुस्त करणारा राहायचा. भिंतीवर चाळीस घड्याळं, एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. मी म्हटलं, अहो, एक तरी बरोबर ठेवा. तर म्हणतो, बरोबर झालं की लोक घेऊन जातात हो, माझ्या वाट्याला चुकलेलीच राहतात.”

जांभया थांबल्या. त्या दिवसापासून काका पक्के झाले. गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी ते वेशीपाशी इस्त्रीचा सदरा घालून उभे असत.

“माणसाचं पाणी जोखणं हाच माझा धंदा होता,” ते सांगत, आणि लोक हसत. “खोटं नाही. आकडा वाढला की समजायचं, घरात बाळ आलंय. मग मी दारातून विचारायचो, मुलगा की मुलगी? बायका थक्क व्हायच्या. आणि आकडा एकदम निम्म्यावर आला, तर काही विचारायचं नाही. खाली मान घालून लिहायचं आणि जिना उतरायचा.”

पण सगळ्यांत गाजलेली गोष्ट होती ती बादलीवालीची. पाहुणे घरी जाऊन तिच्याबद्दलच लिहीत. काही जण तर आल्याआल्या विचारत, “बादलीवालीचं घर लागणार ना वाटेत?”

त्या रविवारीही मासे खाऊन, पुढे भाजलेल्या दाण्यांच्या दुकानात मुठी भरून, मंडळी अरुंद गल्लीत शिरली. सतरा नंबरच्या घराखाली काका थांबले. वर तिसऱ्या मजल्यावर हिरव्या झडपांची खिडकी होती.

“मी बावीस वर्षांचा. नोकरीचा पहिला आठवडा. अंगात कोरा करकरीत गणवेश. इथे, हा दगड आहे ना, अगदी इथे उभा राहिलो आणि छाती फुगवून हाक दिली, ‘पाणी खातं! मीटर!’ आणि धबाक! अख्खी बादली डोक्यावर. पाणी खात्याच्या माणसाला पाण्यानंच आंघोळ!”

मंडळी हसली. काकांना रंग चढला. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान खिडकीबाहेर काढल्यासारखी केली आणि चिरका आवाज लावला, “मेल्या, बोंबलतोस कशाला? बापाची गल्ली आहे का तुझ्या? पुन्हा आलास तर बादलीसकट टाकीन!”

हशा पिकला. एका मुलीनं टाळ्या वाजवल्या. “दर खेपेला टाकायची?” कोणीतरी विचारलं. “दर खेपेला,” काका म्हणाले. “बावीस वर्षं मी या घराखाली छत्री घेऊन यायचो. भर उन्हाळ्यात!”

पुढे कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. फेरी तिथेच संपायची. मंडळी बाकांवर बसली, कप आले, आणि काकांनी सवयीनं डोकी मोजली. दहा.

ते परत गल्लीत आले. त्या बाई सतरा नंबरच्या घराखाली उभ्या होत्या. वर बघत होत्या.

“चला, चहा गार होतोय,” काका म्हणाले.

“झडपांचा रंग तोच ठेवलाय,” बाई म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. “ती माझी आई होती.”

काकांना काही क्षण कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. “कोण... बादली...” पुढचा शब्द त्यांनी गिळला. “बाई, मला माफ करा. मला काय कल्पना! मी आपला लोकांना हसवायला...”

“माफी कशाला? पाणी टाकायचीच ती. कितीतरी जणांवर टाकलं असेल.” बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे काकांना जास्तच चोरट्यासारखं झालं. “पण ती ओरडायची नाही. कधीच नाही.”

“म्हणजे?”

“बाबा छापखान्यात रात्रपाळीला होते. वर्तमानपत्राच्या. सकाळी सातला घरी यायचे आणि त्या खिडकीच्या आतल्या खाटेवर झोपायचे. घर एका खोलीचं. आई सकाळभर खिडकीत बसून शिवण करायची. खाली कोणी मोठ्यानं बोललं की आधी हात हलवायची. मग ओठांवर बोट ठेवायची. तरी ऐकलं नाही, तर बादली. ओरडून कसं चालेल? ओरडली असती तर बाबाच उठले असते.” त्या जराशा हसल्या. “पाण्याचा आवाज होतो, पण एकदाच होतो.”

काका खालच्या दगडाकडे पाहत राहिले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ त्यांना आठवू लागली. आपण सांगतो ती नव्हे, घडलेली. पाणी पडलं होतं. त्यांनी वर पाहिलं होतं. खिडकीत एक बाई उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं होतं आणि आत निघून गेली होती. बस, एवढंच. दर खेपेला वगैरे काही नाही. एकदाच.

मग तो चिरका आवाज कुठून आला? तेही त्यांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ते ओल्या गणवेशात घरी गेले. लग्नाला चार महिने झाले होते. बायको अजून बुजरी होती, माहेरच्या आठवणीनं कोमेजलेली. तिला हसवायला म्हणून त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि तो आवाज लावला. ती इतकी हसली, इतकी हसली, की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिला भान नव्हतं. पुढे घरी कोणी आलं की तीच म्हणायची, “अहो, ते बादलीचं सांगा ना!” दर वेळी एखादं वाक्य वाढायचं. छत्री तिनंच सुचवली होती.

“बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते,” बाई सांगत होत्या. “आई मात्र तरीही सकाळी खिडकीत बसायची. पण मग तिनं कोणावर पाणी टाकलं नाही. खाली पोरांनी कितीही दंगा केला तरी नुसती बघायची. मग आम्ही मामाकडे गेलो, दुसऱ्या गावी. आईला जाऊनही आता वीस वर्षं होतील.”

आकडा निम्म्यावर आला होता. हेही काकांना आता आठवलं. त्या महिन्यात त्यांनी खाली मान घालून तो लिहिला होता आणि जिना उतरले होते.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “तुम्ही घरात यायचात ना, मीटर वाचायला? तुम्ही तिचा आवाज ऐकला असेल. मला... मला तो आता नीट आठवत नाही. चेहरा आठवतो. हात तर अगदी आठवतात. आवाज निसटलाय. तुम्ही मघाशी तोंड उघडलंत तेव्हा वाटलं, आता ऐकू येणार. पण तो भलताच होता.”

काकांनी डोळे मिटले. लाकडी जिना, तिसरा मजला, वीतभर उघडलेलं दार. उन्हाळ्यातली दुपार व्हायच्या आधीची वेळ. त्यांनी घसा साफ केला, आणि अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ श्वासानंच म्हणाले, “बूट हातात घ्या हं भाऊ. फळ्या वाजतात.”

बाई हलल्या नाहीत.

“मीटर मोरीपाशी आहे,” काका तसंच पुढे म्हणाले. “दिवा नका लावू. मी मेणबत्ती धरते.”

कोपऱ्यावरून चहाच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. बाईंनी भिंतीवर तळहात टेकवला होता.

“हं,” त्या शेवटी म्हणाल्या. “‘हं’ म्हणायची ती. ‘हं भाऊ.’ बरोबर.” त्यांनी डोळे पुसले. “चला, चहा गार झाला असेल.”

काकांनी चहावाल्याला सगळं सांगितलं होतं; ते भाचीच्या कानावर गेलं आणि त्या आठवड्यात तिचा फोन आला. “मामा, मी काय ऐकते? बादलीवाली काढून टाकणार म्हणे तुम्ही?”

“हो.”

“अहो, तो आपला हुकमी एक्का आहे! लोक त्याच्यासाठी येतात. दहांतले आठ जण तेच लिहितात. काय झालं एवढं? त्या बाईंनी तक्रार केली का?”

“त्यांनी कसली तक्रार केली? उलट मिठाईची पेटी पाठवली घरी.”

“मग? थोडं बदलून सांगा. नंबर बदला. सतराच्या जागी एकवीस म्हणा, कोणाला कळतंय?”

“मला कळतंय ना,” काका म्हणाले. स्वयंपाकघरात ते एकटेच उभे होते. “बाळ, ती गोष्ट तुझ्या मामीची होती. मी ती तिच्यासाठी रचली, तिनं वाढवली. आमच्या दोघांत ती शोभायची. भर रस्त्यात नाही शोभत. एका बाईनं आपल्या नवऱ्याची झोप राखली, आणि मी चार वर्षं तिला कैदाशिणीसारखी नाचवतोय.”

भाची म्हणाली, “या रविवारी मी येते सोबत. बघते काय सांगता ते. पण मामा, लोक हसले नाहीत तर मला दुसरा कोणीतरी बघावा लागेल हो. राग नका मानू.”

“नाही मानत.”

रविवारी पाहुणे पंधरा होते. भाची सगळ्यांच्या मागे, हातात वही घेऊन. घड्याळवाल्यापाशी लोक हसले. माशाच्या दुकानापाशी काकांनी एकाला मधल्या तुकड्याऐवजी शेपटीचा घ्यायला लावला. गल्लीच्या तोंडाशी मात्र ते थांबले. एरवी ते सरळ खिडकीखाली जात. आज त्यांनी सगळ्यांना अलीकडेच, कोपऱ्यावर जवळ बोलावलं.

“पुढे सतरा नंबरचं घर आहे. तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. तो छापखान्यात रात्रपाळी करायचा. सकाळचं वर्तमानपत्र आपण चहाबरोबर वाचायला घ्यायचो, तेव्हा तो झोपायला जायचा. आणि ती खिडकीत बसून गल्ली सांभाळायची. मी पोरगेला होतो, खालून बोंबललो. तिनं माझ्यावर बादलीभर पाणी टाकलं.”

दोघेतिघे हसले. काकाही हसले.

“ओरडली नाही. एक शब्द बोलली नाही. पाणी टाकलं, ओठांवर बोट ठेवलं, आत गेली. मला ते कळायला पंचेचाळीस वर्षं लागली.” ते थांबले. त्यांनी गल्लीकडे हात केला. “तर, असं. चला.”

ते पुढे झाले. मागे कोणीच बोललं नाही. काकांनी काही सांगितलं नव्हतं, तरी मंडळींची पावलं आपोआप हलकी झाली. एका आजोबांनी टेकायची काठी उचलून काखेत धरली. एका बाईंनी पोराच्या हातातली दाण्यांची पुडी घेतली, कागद वाजत होता म्हणून. भाचीनं वही मिटली होती. पंधरा माणसं भिंतीच्या कडेकडेनं, दगडांवर जपून पाय टाकत चालली होती.

वर हिरवी झडप उघडली. तिथे आता राहणारी तरुण मुलगी, केस ओले, खांद्यावर पंचा, खाली डोकावली. एवढी माणसं, आणि आवाज कसा नाही, ते तिला कळेना. ती क्षणभर पाहत राहिली. मग तिनंही झडप न वाजवता, हळूच ओढून घेतली.