बाटलीवरचं नाव

साल शहाऐंशी. आसगावच्या तेजरामला शौचातून रक्त जायचं, आणि ते त्याने वर्षभर बायकोपासूनही लपवलं. धानाचा व्यापारी, चारचौघांत मान. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याचं ब्रीद. पण मूठ झाकून रक्त थांबत नाही. जवळच्या पवनीत ओळखीचे फार, म्हणून तो लांब साकोलीला गेला. तिथल्या डॉक्टरांना आतड्यात गाठ सापडली. तिचा तुकडा त्यांनी बाटलीत घातला आणि तपासायला नागपूरला न्यायला सांगितलं.

बाटलीवर त्याचं नाव होतं. बसमध्ये कुणी वाचलं तर? तेजरामने ते खरवडलं, डॉक्टरांनी सोबत दिलेली चिठ्ठी फाडली. बायकोला शेवटी सांगून सोबत नेलं; नागपुरात बाटली तिच्या हाती दिली आणि स्वतः चहाच्या टपरीवर बसला.

"पेशंटचं नाव?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"आमच्या घरचे आहेत जी," चंद्रभागाबाई म्हणाली.

"त्यांना नाव असेल ना?"

"नवऱ्याचं नाव कसं घेऊ जी?"

मागची रांग ओरडू लागली. कारकुनाने वैतागून तिचंच नाव विचारून लिहिलं.

रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून व्याही लक्ष्मणरावांनी वाचला. तुकड्याला खास रंग लावून पाहिलं होतं. पेशी बिघडू लागल्या की वाढणारं एक प्रथिन त्यात भरपूर दिसलं. कॅन्सर अजून नव्हता, पण वाट तीच होती. गाठ लगेच काढायला हवी. "विहीणबाई, घाबरू नका," ते म्हणाले.

तेजरामने तोंड उघडलं आणि मिटलं. व्याही गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "राहू दे तुयाच नावानं. नागपुरात डॉक्टरले सांगतो ना मी."

"अन् मले लाज नाही काय?"

व्याह्यांनी चांगल्या मनाने चार घरी तिच्या दुखण्याचं सांगितलं. आपल्यालाही लागेल या भीतीने विहिरीवर तिच्या शेजारी कुणी थांबेना. तेजराम ते पाहायचा आणि मान खाली घालून दुकानात शिरायचा. स्वतःची किळस येई त्याला, तरी जीभ हलत नसे.

नागपूरच्या दवाखान्यात लक्ष्मणराव सोबत आले. नर्सने पुकारलं, "चंद्रभागाबाई!" तेजराम फरशीकडे बघत राहिला. आता गप्प बसलो तर गाठ पोटातच राहील, हे त्याला कळत होतं.

चंद्रभागाबाई उठली. पदर सारखा करून व्याह्यांच्या देखत म्हणाली, "बाई, दुखणं माह्यं नाही. तेजरामचं आहे."

लग्नातला उखाणा सोडला तर तिच्या तोंडून त्याने आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. तो उठला. लक्ष्मणरावांकडे त्याला बघवलं; तिच्याकडे मात्र बघवेना.