माझ्या पोटातला स्क्रू

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण माझ्या अंगावर तुम्हाला कुठल्याही कंपनीचे नाव सापडणार नाही. मी कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. येडगावच्या एका शेतकरी घरात, जुन्या सतरंजीवर, अश्विनी नावाच्या मुलीने मला एकेक भाग जोडून उभे केले.

तेव्हा नव्वदचे दशक संपत आले होते. अश्विनी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नुकतीच घरी परतली होती. माझे भाग तिने पुण्यातूनच आणले. नारायणगावपर्यंतच्या एसटीत माझा मदरबोर्ड तिने मांडीवर धरला होता. मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर माझे सगळे अवयव बसतात ती पाटी. शेजारची बाई म्हणाली, "पिशवी खाली ठेव की गं," तरी तिने ती खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर तिने पत्र्याचे कॅबिनेट उघडले आणि काम सुरू केले. वडील सावळाराम बाजूला बसून पाहत होते. "एवढ्याशा पाटीत सगळं मावतंय व्हय?" असे ते पुन्हा पुन्हा विचारत. आई साळुबाई मात्र पदर लागेल म्हणून लांबच उभी राहिली.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा मी सुरूच झालो नाही. नुसता लांबलचक शिट्टीसारखा आवाज काढत राहिलो. अश्विनीचा चेहरा उतरला. पण तिने घाई केली नाही. वायर काढली, पुस्तक उघडले, त्या आवाजाचा अर्थ शोधला आणि रॅमची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. पट्टी खटकन बसली आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. सावळाराम इतके मोठ्याने हसले की गोठ्यातली गाय दचकून उठली.

त्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. मदरबोर्ड बसवताना एक बारीक स्क्रू अश्विनीच्या हातून निसटला होता. सतरंजी झटकूनही तो मिळाला नाही. "गेला असंल कुठंतरी," म्हणत तिने दुसरा लावला. तो कुठेही गेला नव्हता. तो माझ्याच आत, तळाशी पडून होता.

काही महिन्यांनी मी जुन्नरला आलो. अश्विनीची कॉलेजातली मैत्रीण आबेदा टायपिंगमध्ये पटाईत होती. तिचे वडील महंमद हनीफ यांचे बाजारपेठेत पत्र्याच्या पेट्यांचे आणि बादल्यांचे दुकान होते. दुकानावरची खोली त्यांनी दोघींना दिली. तिथे मी लग्नपत्रिका छापल्या, अर्ज लिहिले, द्राक्षांच्या खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या काढल्या. आबेदाची बोटे कीबोर्डवरून अशी फिरत की अक्षरे उमटवताना माझीच धांदल उडे. बिघाड निघाला की अश्विनी बघायची, मजकूर आबेदाचा. दुपारी हनीफभाई खालून दोन कप चहा पाठवायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मढ गावच्या शाळेचे काम आले. शाळेला पन्नास वर्षे होत होती आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींची स्मरणिका निघणार होती. शाळेचे शिपाई गेणभाऊ हस्तलिखिते घेऊन एसटीने यायचे. आबेदाने खराब अक्षर लावून लावून सगळ्या आठवणी टाईप केल्या. तिचे काम पाहून मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला, की शाळेत संगणक येणार आहे, तर मुलांना शिकवायला आबेदाने यावे. ती पोरगी हरखून गेली. तिने शिकवायच्या गोष्टी आत्तापासूनच मनात जुळवायला घेतल्या होत्या. "पयल्या दिवशी पोरांना त्यांचं त्यांचं नाव टाईप करायला लावीन," ती अश्विनीला म्हणाली होती.

स्मरणिका छापायला द्यायच्या आदल्या दिवशी आबेदा सकाळी लवकर आली. माझ्या टेबलाखाली धूळ साचली होती. तिने वायरी काढल्या, मला सांभाळून उचलून खाली ठेवले, झाडून घेतले आणि परत जागेवर बसवले. उचलताना मी थोडा कलंडलो. तेवढ्याने तो स्क्रू घरंगळला आणि मदरबोर्डच्या खाली नेमका जाऊन रुतला. जिथे वीज जायला नको तिथे वाट झाली.

आबेदाने बटण दाबले. माझा पंखा जेमतेम हलला आणि थांबला. पुन्हा दाबले. पुन्हा तेच. या वेळी शिट्टीसुद्धा नाही.

तेवढ्यात अश्विनी जिना चढून आली. मागोमाग गेणभाऊ पाने न्यायला हजर झाले.

"काय केलंस?" अश्विनीने विचारले.

"काय न्हाई गं. खालचं झाडायला उचललं नुसतं. पाण्याचा हात पण लावला न्हाई."

"चालू होतं ना काल?"

"व्हतं. आता का असं करतंय, मलाच कळंना."

अश्विनी घाबरली होती. सगळी स्मरणिका माझ्या हार्ड डिस्कवर होती. रोजच्या कामाची प्रत फ्लॉपीवर काढून ठेवायची जबाबदारी तिची होती आणि कितीतरी दिवस ते राहून गेले होते. हे तिला त्या क्षणी आठवले आणि त्याच क्षणी ती आबेदावर ओरडली.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? टाईप करायचं तेवढं करत जा. मशीनमधलं तुला काय कळतंय?"

गेणभाऊ खाली बघू लागले. आबेदाने हातातला झाडू भिंतीला टेकवून ठेवला, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.

मित्रांनो, एरवी रॅम सैल झाली तर मी शिट्टी वाजवून सांगतो. पण त्या दिवशी मला आवाजच फुटत नव्हता. त्या मुलीचा काडीचाही दोष नाही, बिघाड माझ्या पोटात आहे, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हते. एवढा पाठांतराचा माझा तोरा, आणि साधे "हिने नाही केले" एवढे मला म्हणता आले नाही. तेव्हाची शरम अजून माझ्यात आहे.

दुपारी खालून चहा आला. नेहमीसारखे दोन कप. अश्विनीने एकालाही हात लावला नाही.

तिने मला गोधडीत गुंडाळले आणि जीपने येडगावला नेले. घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी पसरून माझी तपासणी सुरू झाली. आधी तिने वायर आणि प्लग पाहिले. ते ठीक होते. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. काही फरक पडला नाही. एकेक कार्ड काढले, हार्ड डिस्क सोडवली, छोटी बॅटरी काढून परत बसवली. प्रत्येक वेळी मी तेवढाच हलायचो आणि गप्प व्हायचो. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "काय करून ठेवलंय हिनं!" पण दरवेळी तिचा आवाज थोडा खाली येत होता. कारण जे जे तपासावे ते शाबूत निघत होते.

शेवटी तिने मदरबोर्डच बाहेर काढला आणि जोड्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. वायरी जोडल्या. बटणाची वायर जिथे लागते त्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवला.

मी सुरू झालो. पंखा भरभर फिरू लागला, पडद्यावर अक्षरे आली. आबेदाने लिहिलेले पानन् पान सुखरूप होते.

म्हणजे मी ठणठणीत होतो. बिघाड कॅबिनेटमध्ये होता. अश्विनीने रिकामे कॅबिनेट उचलून उलटे केले. एक बारीक स्क्रू सतरंजीवर पडला. त्याच्या डोक्यावर जळल्याचा काळा डाग होता.

साळुबाई दारातून बघत होती. "घावलं ना? मग त्वांड का असं करून बसलीस?"

अश्विनीने घडले ते सगळे सांगितले. साळुबाईने स्क्रू हातात घेऊन पाहिला.

"ह्यो आत कुणी टाकला?"

"माझ्याच हातून पडला होता. जोडताना."

"आन बोललीस त्या पोरीला."

"हो."

"चारचौघांत?"

अश्विनीने मान डोलावली. साळुबाईने स्क्रू तिच्या तळहातावर परत ठेवला आणि ती चुलीकडे वळली. रागावली असती तर अश्विनीला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती जुन्नरला आली. आधी हनीफभाईंच्या दुकानात गेली. ते मला वर चढवायला स्वतः उठले. खोलीत आल्यावर अश्विनीने स्क्रू त्यांच्यापुढे धरला.

"चाचा, चूक माझी होती."

"मला कशाला दाखवती, बेटा? मला तू काय बोलली व्हतीस?" ते शांतपणे म्हणाले. "थांब, तिला बोलावतो."

आबेदा आली. तिने सगळे ऐकून घेतले. स्क्रूकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"मशीन बिघडलं त्याचं मला काय न्हाई वाटलं," ती म्हणाली. "तू मला विचारलंस, मी सांगितलं, आन तू ऐकलं न्हाईस. गेणभाऊंच्या म्होरं बोललीस ना? मग त्यांच्या म्होरंच सांग."

मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "ही पानं मी केलीत. अर्धी सोडायची न्हाईत." संध्याकाळपर्यंत दोघींनी स्मरणिका पुरी केली. कामापुरतेच बोलल्या.

अश्विनी पाने घेऊन मढला गेली. परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. गेणभाऊंसमोर, मुख्याध्यापकांसमोर तिने सगळे सांगितले होते. गेणभाऊ चांगला माणूस. ते कळवळून म्हणाले, "मी आपलं दिसलं ते सांगितलं, ताई." पण दिसलेले शाळेत सांगून झाले होते. संगणक नाजूक वस्तू, नीट हाताळणारे माणूस हवे, म्हणून शाळेने दुसऱ्या कुणालातरी शब्द दिला होता. आता तो मोडता येत नव्हता.

आबेदाने खिडकीतून खालच्या बाजाराकडे पाहिले. "जाऊ दे," ती म्हणाली. "पण मला हे उघडायला शिकव. सगळं. परत कुणी मला तसं म्हणायला नको."

अश्विनीने तिला शिकवले. त्या आठवड्यात आबेदाने मला स्वतःच्या हाताने पूर्ण सुटे केले आणि पुन्हा जोडले. प्रत्येक स्क्रू ती वाटीत ठेवायची आणि झाकण लावण्याआधी मला हलवून आत काही वाजते का ते ऐकायची. पुढे बाजारपेठेतले कितीतरी संगणक तिने दुरुस्त केले. दोघी पुन्हा हसू लागल्या, भांडू लागल्या, एका ताटात भेळ खाऊ लागल्या. पाहणाऱ्याला वाटले असते, सगळे पहिल्यासारखे झाले.

मी मात्र रोज समोरून पाहत होतो. माझे बटण दाबण्याआधी आबेदा मान वळवून अश्विनीकडे बघायची. क्षणभरच. पूर्वी ती अशी बघत नसे. तिला स्वतःला ते कळत होते की नाही, कोण जाणे. अश्विनीला कळत होते. ती प्रत्येक वेळी मान खाली घालायची.

वर्षे गेली. नवे, वेगवान संगणक आले. मी कोपऱ्यात सरकलो, माझ्यावर रद्दी साठली. मग आबेदाचे लग्न ठरले आणि ती मंचरला जायला निघाली. शेवटच्या दिवशी तिने रद्दी बाजूला केली, माझी धूळ पुसली आणि मला एकदा सुरू करून पाहायचे ठरवले. अश्विनी खाली दुकानात होती. आबेदाचे बोट बटणापाशी आले आणि थांबले. अश्विनी जिना चढून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. अश्विनी दारात दिसल्यावर आबेदाने तिच्याकडे पाहिले.

"दाब की गं," अश्विनी म्हणाली. "मला काय विचारतेस?" आणि नेहमीसारखी तिने मान खाली घातली.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे बंद पडतातच. आम्हाला पुसा, धुळीपासून जपा, आणि बंद पडलो तर शांतपणे एकेक भाग तपासा. पण त्याआधी जवळ उभ्या असलेल्या माणसाला काय झाले ते विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. माझ्या पोटातला स्क्रू अश्विनीने एका दिवसात काढला. आबेदाचे ते मान वळवणे तिला शेवटपर्यंत काढता आले नाही.