ग्रंथालयाच्या दारातले स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. माझ्या अंगावर आम्लाचे डाग आहेत आणि एक पाय आखूड आहे, त्यामुळे बसणारा जरासा डुगडुगतो. त्यात माझा दोष नाही; सुताराला घाई होती.

ग्रंथालयाची कपाटे करून उरलेल्या फळ्यांतून त्याने मला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसाठी बनवले. तिथे मी सव्वीस वर्षे काढली. माझ्यावर बसून कितीतरी जण परीक्षा पास झाले, पण निकालाच्या दिवशी कुणाला माझी आठवण झाली नाही. मग फिरत्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. फार वाईट वाटले.

तिथून मला नाटकवाल्या विद्यार्थ्यांनी उचलले. ही मंडळी विद्यापीठात राबणाऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकत आणि त्यांची नाटके करत. त्या वर्षी त्यांनी ग्रंथालयाच्या दारात पिशव्या तपासणाऱ्या मावशींची गोष्ट घेतली. मावशींना आठ तास उभे राहावे लागे. बसलेला माणूस झोपाळू दिसतो, असे कुलसचिवांचे म्हणणे होते. मावशींचे गुडघे सुजले होते. डॉक्टरांनी बजावले होते, की उभे राहणे बंद करा, नाहीतर नोकरी सोडा. पण घर तर त्या नोकरीवरच चालत होते.

एका तालमीला मावशी स्वतः आल्या. पहिल्याच प्रवेशात त्यांचे काम करणारी मुलगी माझ्यावर बसून हुंदके देऊ लागली. मावशींना हसू आवरेना.

"अगं, बसायला मिळालं असतं तर रडले कशाला असते?"

मुलगी ओशाळली. "चुकलंच, मावशी."

"आणि सगळे मावशी मावशी काय करता? सख्खी मावशी घरी आली तर तिला दारात ताटकळत ठेवाल का?"

मुलांनी संहिता बाजूला ठेवली. त्याच दिवशी नाटक पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतले.

प्रयोगाच्या दिवशी मुलांनी सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या. प्रेक्षक उभे, कुलसचिवही उभे. मधोमध मी एकटा, रिकामा. आणि मावशींची भूमिका खुद्द मावशींनी केली, तीही बेधडक! वीस मिनिटांत लोक या पायावरून त्या पायावर होऊ लागले. अर्ध्या तासाने कुलसचिव हळूच माझ्याकडे सरकले.

"साहेब, बसू नका हं," मावशी म्हणाल्या. "बसलेला माणूस झोपाळू दिसतो."

सभागृहात हशा उसळला. कुलसचिव आधी लाल झाले, मग तेही हसले.

"हरलो, मावशी. उद्यापासून तुम्हाला खुर्ची."

"उद्या कशाला?"

"बरं, आत्तापासून. बसा."

मावशी माझ्यावर बसल्या. टाळ्यांनी छत दणाणले. मित्रांनो, माझ्या लाकडाचे सोने झाले!

आठवड्याभरात विद्यापीठाच्या प्रत्येक दारात खुर्ची आली. मावशींनी मात्र नवी खुर्ची परत पाठवली आणि मला ठेवून घेतले.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तू अडगळीत टाकू नका, अधूनमधून पुसत जा. आणि नाटके जरूर करा, गोष्टी जरूर सांगा. पण गोष्ट ज्याची आहे, त्याला आधी बोलवा. तो आला, की पहिल्यांदा त्याला बसायला द्या.