मुलाखत क्रमांक अकरा

तळटिपेतली ती ओळ सरांनी स्वतःच्या हाताने घातली होती. त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकं सापडत नव्हतं.

सर म्हणजे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सैन्य आणि मुलकी सरकार यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा, या एकाच प्रश्नाशी अर्धं आयुष्य झटून त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा सगळा डोलारा एका पहाटेवर उभा होता. गोदी कामगारांच्या संपात शहरात सैन्य उतरलं, ती पहाट. सरकारी कागद म्हणत होते की मुलकी अधिकाऱ्याने सात वाजता लेखी हुकूम दिला आणि मग सैन्य निघालं. प्रत्यक्षात ते पावणेपाचलाच निघालं होतं. हुकूम मागाहून लिहिला गेला. हे सरांना सांगितलं त्यांच्या ताईच्या नवऱ्याने. भाऊजी तेव्हा सैन्यात ड्रायव्हर होते.

"माझं नाव नको हं," भाऊजी म्हणाले होते.

"छे, छे! तुम्ही नुसते मुलाखत क्रमांक अकरा."

नाव आलं नाही, हे खरं. पण छपाईआधी प्रकाशकाच्या परीक्षकाने समासात विचारलं, 'या माणसाला हे कसं माहीत?' आणि पुरावा भक्कम व्हावा म्हणून सरांनी तळटिपेत भर घातली: 'त्या पहाटे कमांडरची गाडी चालवणारा.' कमांडरची गाडी काही दहा जण चालवत नव्हते.

माजी सैनिकांच्या संघटनेची एक गाडी होती, आजारी म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी. नऊ वर्षं तिची किल्ली भाऊजींच्या खिशात होती. गेल्या आठवड्यात ती काढून घेतली. 'गाडीत ऐकलेलं बाहेर सांगणारा माणूस आम्हाला नको,' एवढंच कारण दिलं. ताईने हे फोनवर सांगितलं तेव्हा सरांच्या टेबलावर दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं पडलेली होती. ती संध्याकाळपर्यंत परत द्यायची होती. ओळ काढायला एक रेघ पुरली असती. पण आधी कबूल करायचं, असं ठरवून सरांनी प्रुफं पिशवीत टाकली आणि दुपारची बस धरली. कबुलीचं वाक्य त्यांनी वाटेत चारदा घोकलं.

दार ताईने उघडलं. "बरं झालं आलास. घरात बसून बसून माझं डोकं खाताहेत. काल डब्यांची सगळी झाकणं काढून उंचीप्रमाणे परेडला उभी केली."

"या, प्रोफेसर," आतून भाऊजी म्हणाले. "निवृत्त माणसाला पुन्हा निवृत्त केलं, ऐकलंत ना?"

सर बसले. वाक्य ओठावर होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच. "पण त्यांना कळलं कसं म्हणे?"

"सोडलं असेल कुणीतरी तोंड सैल," ताई म्हणाली.

"हो ना. छापखाना, प्रुफं तपासणारे... किती हातांतून जातं." बोलता बोलताच सरांचे कान तापले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि फुलदाणी फोडून मांजरावर ढकलणाऱ्या पोरासारखा बोलत होता.

भाऊजी उठले. टीव्हीखालच्या कप्प्यातून त्यांनी पुस्तक काढलं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं आणि आत खुणेला बसचं तिकीट.

"पान दोनशे चौदा. खालची बारीक अक्षरं. दीड महिना लागला मला तिथवर पोचायला."

"तुम्ही... सगळं वाचलंत?"

"का? वीस वर्षं गाडीचं लॉगबुक कुणी लिहिलं? पावणेपाच ही वेळ तुम्हाला कुठून मिळाली?" त्यांनी पानं उलटून प्रस्तावना काढली आणि बोट ठेवून सावकाश वाचलं, "'मुलाखत दिलेल्या सर्व अधिकाऱ्यांनी आपापले म्हणणे छपाईपूर्वी वाचून संमती दिली.' सातही साहेबांना घरपोच कागद पाठवलेत. मला का नाही?"

का नाही, ते सरांना नेमकं आठवत होतं. पाकिटांवर पत्ते लिहिताना मनात आलं होतं, भाऊजी काय वाचणार! आणि याच पुस्तकात, लहान माणसांचं म्हणणं सरकारी कागदात कसं उतरतच नाही, यावर एक अख्खं प्रकरण होतं. लोक त्याचंच सर्वांत कौतुक करत.

"चुकलं माझं," सर म्हणाले. घोकलेलं वाक्य याहून लांब होतं. "सगळं माझ्यामुळेच झालं. छापखान्याचा काही संबंध नाही." ताई हातातला कप तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी घाईघाईने पिशवीतून प्रुफं काढली. "ही ओळ आत्ता, तुमच्यासमोर काढतो."

"काढली की तुमच्या त्या पहाटेचं काय उरतं?"

"काही नाही."

"मग राहू द्या. खोटं थोडंच आहे? उलट नाव घाला आता. किल्ली तर गेलीच, लपायचं कुणापासून? पण आधी मी काय म्हणालो ते वाचून दाखवा. साहेबांना दाखवलंत तसं."

सरांनी चष्मा पुसला. "'लष्करी नेतृत्वाने मुलकी सत्तेची अनुमती गृहीत धरल्याचे उत्तरदात्याने सूचित केले.'"

"हे मी बोललो?"

"अर्थ तोच आहे, भाऊजी."

"अर्थ तुमचा. मी म्हणालो होतो, साहेब गाडीत बसले. मी विचारलं, हुकूम आला का, साहेब? ते म्हणाले, येईल. तू गाडी काढ. बस, एवढंच."

सरांनी छापील वाक्यावर रेघ मारली आणि समासात लिहायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. भाऊजींनी उचलला.

"बोला, काका... हो, मंगळवार, डायलिसिस, लक्षात आहे माझ्या. पण गाडी माझ्याकडे नाही आता... नाही हो, तब्येत ठणठणीत आहे... तुम्ही ऑफिसात विचारा ना. पाठवतील कुणालातरी... बघा, नाहीतर रिक्षाने..."

फोन ठेवल्यावर त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ताईने कप सरांपुढे ठेवला. सर 'येईल' या शब्दापर्यंत आले होते. तो लिहून झाला तरी त्यांनी मान वर केली नाही.