अकरा आऱ्यांचं चाक

संग्रहालयाच्या साहेबांनी माझ्या कामाच्या बाकावर अल्बम उघडला आणि एका जुन्या पोस्टकार्डावर बोट ठेवलं. "मोजा."

मला मोजावं लागत नाही. तीस वर्षं लाकडी चाकं करतेय. चाक दिसलं की आरे आपोआप मोजले जातात. कार्डावर दोन घोड्यांची बग्गी भरधाव चालली होती आणि तिच्या मागच्या चाकाला अकरा आरे होते.

"हुबेहूब अशीच करून हवी," साहेब म्हणाले. "आरे अकराच."

"अकरा बसत नाहीत, साहेब. चाकाचा घेर सहा वाकड्या तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्यात दोन आरे. सहा दुणे बारा. एक कमी केला तर तो तुकडा लंगडा राहतो आणि चाक तिथेच खचतं."

"आमची बग्गी काचेमागे उभी राहणार आहे. तिला कुठे पळायचंय?"

घोडं इथेच पेंड खात होतं. माझ्या प्रत्येक चाकावर बाबांचा शिक्का असतो. बाबा गेले, पण शिक्का त्यांचाच आहे. न पळणाऱ्या चाकावर तो मारायचा म्हणजे त्यांच्या नावाला बट्टा लावायचा. आणि हे काम हातचं गेलं तर कारखान्याला कुलूप लागणार, हेही मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "बारा. नाहीतर दुसरं कुणीतरी बघा."

साहेबही कच्चे नव्हते. त्यांनी भराभर पानं उलटली. "एकाच छापखान्याची आठ कार्डं आहेत. सातांवर अकरा. शेवटच्या एकावर तेवढे बारा, त्यात काहीतरी चुकलं असणार. ही सातही खोटी आणि तुम्ही तेवढ्या खऱ्या?"

"हो," मी म्हणाले आणि आतल्या खोलीकडे वळून आईला हाक मारली. हातच्या काकणाला आरसा कशाला? लग्नाआधी आई त्याच छापखान्यात होती. पळत्या चाकाचे आरे फोटोत नुसते धुरकट यायचे; ते बारीक कुंचल्याने रेखायचं काम तिच्याकडे होतं.

आई आली. पंच्याऐंशीची आहे, पण चष्मा कपाळावर ठेवूनच तिने कार्डं बघितली.

"माझाच हात," ती म्हणाली. "पण आरे बाराच हवेत. हिचं बरोबर आहे."

"आजी, चूक एकदा होते. सात वेळा?"

"चूक एकदाच झाली. कार्ड दुकानात आलं आणि तिसऱ्या दिवशी हिचे बाबा ते घेऊन छापखान्यात हजर. कान लालबुंद. म्हणाले, अकरा आऱ्यांची बग्गी चालवून दाखवा, मी आजपासून सुतारकी सोडतो. मी म्हटलं, पुढच्या वेळी नीट काढते."

"मग?"

"पुढच्यावरही अकराच काढले. ते पुन्हा आले."

बाबा जन्मभर म्हणायचे, तुझ्या आईला मोजता येत नाही. आईने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्यांची फार आठवण झाली.

साहेबांनी सोबत आणलेल्या मागणीच्या कागदावरचा अकराचा आकडा खोडून बारा लिहिला. मग शेवटचं कार्ड आईपुढे सरकवलं. "आणि या आठव्यावर बारा कसे?"

"तोवर आमचं लग्न ठरलं होतं," आई म्हणाली.